माणसे काढायला शिकूया: आधी तोल, मग चेहरा

नव्याने शिकणाऱ्याला ‘एक माणूस काढ’ म्हटले की तो कागदाच्या वरच्या टोकाला एक गोल काढतो, त्यात डोळे, नाक, ओठ भरतो, भांग पाडतो आणि मग मान, खांदे, हात असे करत खाली उतरतो. पोटापर्यंत येईतो कागद संपत आलेला असतो. मग पाय आखूड होतात, पावले कागदाच्या कडेला टेकतात आणि हातांचे काय करायचे ते न कळल्यामुळे ते पाठीमागे किंवा खिशात जातात. मी दर रविवारी सकाळी घरी चित्रकलेचा वर्ग घेते. आठ वर्षांची मुले येतात, तशा नोकरीतून निवृत्त झालेल्या काकूही येतात. पहिल्या दिवसाचे चित्र सगळ्यांचे हेच असते.

यात कुणाचा हात वाईट नसतो. क्रम चुकलेला असतो. रस्त्यात लांबून ओळखीचे माणूस येत असले की त्याचे तोंड दिसायच्या आधी आपण त्याला ओळखतो. चालण्यावरून, खांद्यांच्या उतारावरून, मान पुढे काढायच्या लकबीवरून. चित्रातही तेच आधी यायला हवे आणि नाकडोळे सर्वांत शेवटी. पुढच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लावल्या आहेत.

जवळ काय हवे

एक २बी पेन्सिल, परीक्षेला नेतात तसे क्लिपचे पॅड आणि एका बाजूने कोरे राहिलेले झेरॉक्सचे कागद. एवढे पुरे. महागडी स्केचबुक इतक्यात घेऊ नका, चांगल्या कागदावर हात बिचकतो. पेन्सिल कटरने तासा म्हणजे शिसे लांब राहते. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ न धरता जरा मागे, सैल धरा आणि हात मनगटापासून नाही, खांद्यापासून हलवा.

खोडरबर पहिले दोन आठवडे कपाटात ठेवा. खोडायची सोय असली की नजर समोरच्या माणसावरून उठते आणि कागदावरच्या चुकीवर जाऊन बसते. चुकलेली रेघ तशीच राहू द्या, तिच्या शेजारी दुसरी मारा.

पहिली पायरी: दोन त्रिकोणांचा माणूस

वारली चित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी भागातली ही कला. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसे. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर पोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती माणसे आता जरा निरखून बघा. डोके म्हणजे एक गोल, हातपाय म्हणजे रेघा आणि धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. एवढ्याशा सामग्रीवर तो माणूस भात लावतो, माडावर चढतो, तारप्याच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याच्या, तालावर फेर धरतो.

हे जमते ते त्या त्रिकोणांमुळे. वरचा त्रिकोण म्हणजे खांदे आणि छाती, खालचा म्हणजे कमरेखालचा भाग, आणि टोके जिथे भेटतात ती कंबर. दोन्ही त्रिकोण आपापले स्वतंत्र कलू शकतात. आपल्या शरीराची बांधणीही अशीच आहे. बरगड्यांचा पिंजरा टणक, कटीची हाडे टणक, आणि या दोहोंना मधे जोडणारा एकटा पाठीचा कणा. वाकणे, वळणे, झुकणे जे काही होते ते बहुतेक या मधल्या जागेत.

वारली चित्रकला ही स्वतःची परंपरा आणि स्वतःचे नियम असलेली पूर्ण कला आहे. आपण तिच्याकडून फक्त अंगाची ही मांडणी शिकतो आहोत. तर एक कागद घ्या आणि त्यावर अशी बारा माणसे काढा, प्रत्येक बोटाएवढे. प्रत्येकाला एक काम द्या: विहिरीतून पाणी शेंदणारा, केर काढणारी, पतंगाला ढील देणारा, लोकलमध्ये वरची कडी धरून उभा असलेला, जात्यावर बसलेली. दोन त्रिकोण एका रेषेत सरळ ठेवले की माणूस खांबासारखा दिसतो. खालचा जागेवर ठेवून वरचा नुसता कलवला की तो कामाला लागतो. घरातल्या कुणाला चित्र दाखवून विचारा, हा काय करतोय? त्यांनी न सांगता ओळखले की पुढे जा.

दुसरी पायरी: एकच रेघ

आता त्रिकोणांच्याही आधी एक रेघ काढायची. डोक्यापासून निघून पाठीच्या कण्यातून ज्या पायावर जोर आहे त्या पायापर्यंत जाणारी, एका झटक्यात ओढलेली. कलेच्या वर्गांत हिला लाइन ऑफ ॲक्शन म्हणतात. चेंडू सोडण्याच्या क्षणी वेगवान गोलंदाज धनुष्यासारखा ताणलेला असतो, रस्सीखेचीत खेळणारे मागे रेललेले असतात, दळणाचा डबा उचलणारा माणूस विळ्यासारखा वाकलेला असतो. ही वक्र रेघ हाती लागली की अर्धे चित्र झाले.

सरावासाठी क्रिकेटचा किंवा कबड्डीचा सामना लावा, मधेच थांबवा, मोबाइलवर ३० सेकंदांचा गजर लावा आणि तेवढ्यात रेघ, डोके, दोन त्रिकोण, हातपाय एवढेच काढा. गजर वाजला की पुढचे. रोज अशी दहा चित्रे काढायला पाच मिनिटे लागतात. दोन तास खपून एक चित्र काढण्यापेक्षा या पाच मिनिटांनी हात लवकर तयार होतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिले आहे की याबद्दल मला शंका उरलेली नाही.

तिसरी पायरी: ओळंबा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही आहे आणि ती बहुतेक जण गाळतात.

भिंत सरळ उठते आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने बघतो. दोरी आणि खाली वजन. आपल्याला बुटाच्या नाडीला बांधलेली किल्ली चालते. घरातल्या कुणाला समोर उभे करा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. नाडी अशी धरा की तिचे वरचे टोक त्या माणसाच्या गळ्याच्या खळगीवर दिसेल. किल्ली दोन्ही पावलांच्या बरोबर मधे येते. पंढरपूरचा विठोबा असाच उभा आहे: पाय विटेवर सम, हात कमरेवर, अंग कुठेही कललेले नाही. त्या मूर्तीत जो निवांतपणा दिसतो तो या उभे राहण्यात आहे.

आता त्या माणसाला सांगा, रेशनच्या रांगेत अर्धा तास झालाय असे समजून उभे राहा. तो लगेच एका पायावर भार टाकील आणि दुसरा गुडघा सैल सोडील. नाडी पुन्हा खळगीवर धरा. आता किल्ली भाराच्या पायाच्या घोट्यापाशी आली असेल. त्याच्या अंगाकडे बघा: भाराच्या पायाकडचा खुबा वर गेला आहे आणि त्याच बाजूचा खांदा खाली आला आहे. म्हणजे दोन त्रिकोण एकमेकांविरुद्ध कलले आहेत. बासरी वाजवणाऱ्या कृष्णाची त्रिभंग मूर्ती याच तत्त्वावर घडते. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी अंग मोडलेले.

कागदावर हे असे उतरवा. गळ्याच्या खळगीचा एक ठिपका द्या. तिथून सरळ खाली फिकट रेघ सोडा. जिथे जमीन असेल तिथे त्या रेघेवर भाराचे पाऊल ठेवा. मग खुब्यांची तिरकी रेघ, तिच्या उलट तिरकी खांद्यांची रेघ, आणि या दोन रेघांवर त्रिकोण. दुसरा पाय शेवटी, तो कुठेही गेला तरी चालतो. चित्रातला माणूस पडतोय असे वाटू लागले तर दहातल्या नऊ वेळा भाराचे पाऊल ओळंब्यापासून दूर पडलेले असते. धावणाऱ्याचा ओळंबा मात्र पावलांच्या पुढे पडायलाच हवा. तो खरोखर पडत असतो आणि दर पावलाला स्वतःला सावरत असतो.

अंगावर ओझे आले की माणूस आणि ओझे मिळून एकच वस्तू धरायची. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी कडेवर मूल घेतलेली बाई काढली होती. बाई सरळ उभी, मूल कडेला चिकटवल्यासारखे. काय चुकले ते त्यांना कळत होते, पण सापडत नव्हते. मी स्वयंपाकघरातून पाच किलोची तांदळाची पिशवी आणली, त्यांच्या कडेवर दिली आणि आरशासमोर उभे केले. पिशवीकडचा खुबा आपोआप बाहेर आला, अंग दुसरीकडे झुकले, मोकळा हात जरा लांब गेला. काकू काही न बोलता बराच वेळ आरशात बघत राहिल्या, मग जागेवर जाऊन बसल्या आणि त्याच चित्राच्या शेजारी दुसरी बाई काढली. तिच्या कडेवरचे मूल जड दिसत होते. डोक्यावर पाटी घेतलेली, हातात जड बादली धरलेला, पाठीला दप्तर लावलेले पोर, या सगळ्यांना हीच युक्ती लागू आहे. स्वतः ओझे घ्या, आरशात बघा, मग काढा.

चौथी पायरी: डोक्याने मोजणे

मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते. टाळूपासून हनुवटीपर्यंत एक डोके. पुतळ्यांत आणि वीरपुरुषांच्या चित्रांत आठपट घेतात, त्याने माणूस भव्य दिसतो.

पट्टी घेऊन १५ सेंटिमीटरची उभी रेघ मारा. म्हणजे डोके २ सेंटिमीटरचे झाले. वरून मोजत या: २ वर हनुवटी, तिथून जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली खांदे, ४ वर छातीची बोंडे, ६ वर बेंबी आणि लोंबत्या हाताचे कोपर, साडेसातवर जांघ आणि मनगट, ११ च्या आसपास गुडघा, १५ वर जमीन. खांद्यांची रुंदी पुरुषाची ४ सेंटिमीटर, बाईची थोडी कमी. हे आकडे पाठ करायची गरज नाही, दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी भागते. जांघ अगदी मध्यावर येते, म्हणजे पाय उंचीच्या निम्मे असतात. आणि हात सरळ सोडला तर बोटांची टोके मांडीच्या मध्यापर्यंत पोचतात. नवशिके पाय आणि हात दोन्ही आखूड काढतात.

प्रत्यक्ष माणूस मोजायचा तर पेन्सिल हातात उभी धरून हात कोपरात न वाकवता पुढे करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीच्या टोकावर टाळू आणि अंगठ्यावर हनुवटी आणा. तेवढे माप खाली किती वेळा बसते ते मोजा. कोपर वाकले की माप बदलते, तेवढे सांभाळा.

मुलांचे माप वेगळे. वर्षभराचे बाळ साधारण चार डोक्यांचे, पहिली-दुसरीतले मूल सहाच्या आसपास. मोठा माणूस लहान करून काढला की मूल होत नाही, बुटका माणूस होतो. म्हाताऱ्या माणसाला आधी सुरकुत्या काढू नका. मान पुढे, पाठीला बाक, गुडघे किंचित वाकलेले, एवढ्याने वय येते.

जमिनीवर बसलेली माणसे

शिकवणीची बरीच पुस्तके माणसाला खुर्चीत बसवतात. आपल्याकडे मात्र मांडी घातलेला, उकिडवा, एक गुडघा वर घेऊन बसलेला माणूस ठायीठायी दिसतो, म्हणून यावर थोडे थांबते.

मंडईत एक बाई मेथीच्या जुड्या बांधत असते. उकिडवी बसलेली, टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या. पोटरी आणि मांडी घडीच्या मोजपट्टीसारख्या एकमेकींवर मिटलेल्या. गुडघे जवळजवळ काखेपर्यंत आलेले. डावे कोपर गुडघ्यावर टेकवून ती त्या हाताने जुडी धरते आणि उजव्या हाताने सुतळीचा वेढा देते. उभी असताना साडेसात डोक्यांची बाई आता साडेतीन-चार डोक्यांत मावते. तिलाही ओळंबा आहेच: बैठक मागे गेलेली, म्हणून गुडघे आणि डोके पुढे आलेले, आणि सगळ्याचा भार पावलांवर. गुडघे जरा मागे काढले तर चित्रातली बाई पाठीवर पडेल.

असे काढताना आधी ती कोणत्या आकारात बसते ते बघा. उकिडवे बसलेले माणूस बाजूने बघितले तर अंड्यात बसते. मांडी घातलेले समोरून बघितले तर त्रिकोणात बसते, आणि त्या त्रिकोणाचा पाया उंचीपेक्षा थोडासाच कमी असतो. तो बाह्य आकार फिकट काढून घ्यायचा आणि त्यात डोके, दोन त्रिकोण, गुडघे यांच्या जागा ठरवायच्या.

पाचवी पायरी: अंग भरणे

रेघांचे हातपाय आता जाड करायचे. मांडी, पोटरी, दंड, कोपराखालचा हात, प्रत्येक म्हणजे वर जाड आणि खाली निमुळते होत जाणारे गाजर. सांध्यांना छोटे गोल. सुरुवातीला यापुढे स्नायूंच्या मागे लागू नका.

पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या अंतराएवढा असतो. तुमचा तळहात चेहऱ्यावर ठेवून बघा. नवशिके तो फार लहान काढतात. पाच बोटे मोजत बसू नका. आधी लोकरी हातमोजा काढा, चार बोटे मिळून एक आकार आणि अंगठा वेगळा. पाऊल कोपराच्या खळगीपासून मनगटापर्यंतच्या हाताएवढे लांब असते, आणि बाजूने ते दाराला लावायच्या पाचरीसारखे दिसते.

कपडे

कापड जिथे अडकलेले असते तिथून चुण्या निघतात. हा एक नियम समजला की निम्मे काम झाले. शर्टाला खांदा, काख, कोपर आणि कंबर या जागा. साडीचा पदर खांद्यावरून निघतो, निऱ्या बेंबीपासून सरळ जमिनीकडे पडतात. बाई चालू लागली की त्याच चुण्या पुढच्या गुडघ्यापासून मागच्या टाचेकडे ताणल्या जातात. नऊवारीत काष्टा असल्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे कळतात, म्हणून नवशिक्याला सहावारीपेक्षा नऊवारी सोपी जाते. एका ठिकाणी तीन-चार चुण्यांपेक्षा जास्त काढू नका.

कापड कसे पडते हे बघायचे तर म. वि. धुरंधरांची चित्रे शोधा. ते १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे त्यांनी पोस्टकार्डांसाठी काढली. त्या बायकांच्या लुगड्यांत एकही चुणी उगाच आलेली नाही. प्रत्येक चुणीच्या मागे गुडघा, खुबा किंवा कोपर आहे. त्यांतली एखादी रेषेने नकलून बघा, खूप शिकाल.

चेहरा

हे थोडक्यात. उलटे अंडे काढा, टोकाची बाजू खाली. डोळे बरोबर मध्यावर येतात. सगळे जण ते वर काढतात, कारण कपाळ आणि केसांची जागा हिशेबात धरत नाहीत. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा. नाकाचे टोक डोळे आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर, त्याखाली तिसऱ्या हिश्शावर ओठांची फट. कान भुवई ते नाकाचा शेंडा एवढे. लहान मुलांचे डोळे मध्याच्या खाली. छोट्या चित्रात तर भुवयांची सावली आणि नाकाखालची एक रेघ एवढ्याने भागते.

बाहेर पडून काढणे

महिनाभर हे झाले की पॅड घेऊन बाहेर पडा. एसटी स्टँड उत्तम, कारण वाट बघणारी माणसे फारशी हलत नाहीत, आणि हलली तरी थोड्या वेळाने त्याच बैठकीत परत येतात. म्हणून एका कागदावर तीन-चार चित्रे एकदम चालू ठेवा. माणूस हलला की दुसरे घ्या, तो परतला की पहिले पुरे करा. अनोळखी माणसाने पाहिले तर हसून कागद दाखवा. बहुतेकांना आनंद होतो, मंडईत तर माझी चित्रे चहावाल्यापर्यंत फिरून आली आहेत. कुणाला आवडले नाही तर पान उलटा आणि तिथून उठा. आजारी, दुःखात असलेल्या माणसाला आणि परक्यांच्या मुलांना निरखून काढू नका.

अनेक माणसे एका चित्रात

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत स्मरणचित्राच्या पेपरात मुलांची अडचण इथे होते. जत्रा, बाजार, बसथांबा असा विषय येतो, मुले एकेक माणूस चांगला काढतात, पण लांबची माणसे हवेत तरंगतात किंवा जवळच्यांच्या पायाशी बाहुल्यांसारखी उभी राहतात.

उपाय एका रेघेचा आहे. कागदावर आडवी फिकट रेघ मारा, ती तुमच्या डोळ्यांची उंची. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे याच रेघेवर येतात, तो दोन हातांवर असो की मैदानाच्या पलीकडे. लांबचा माणूस लहान होतो तो खालून: त्याची पावले कागदावर वर सरकतात, डोळे जागेवर राहतात. उंच माणसाचे डोके रेघेच्या थोडे वर, मुलांची डोकी खाली, आणि मुलांनाही हेच प्रमाण, म्हणजे तुमच्या कमरेएवढे मूल जवळ असो वा दूर, रेघ आणि जमीन यांच्या मध्याच्या जरा वर संपते. जमिनीवर बसून चित्र काढत असाल तर रेघ बसलेल्या माणसांच्या डोळ्यांतून जाते आणि उभ्या माणसांच्या साधारण जांघेपाशी. पाच माणसांचा बसथांबा आधी नुसत्या वारली माणसांनी या रेघेवर मांडून बघा, पावले पटली की मग अंग भरायला घ्या.